वाचकांचे प्रश्न : सावलीचे चार अंश

गेल्या अंकात सह्याद्रीतील उभयचर प्राण्यांवर लेख प्रसिद्ध झाला होता. घाटातील बेडकांच्या अनेक जाती माणसाचा वाढता वावर आणि बदलते हवामान अशा दुहेरी कात्रीत सापडल्या आहेत, असे त्यात म्हटले होते. त्यावर आलेल्या बहुतेक पत्रांमध्ये एकच शंका वेगवेगळ्या शब्दांत विचारलेली आहे : या दोन कारणांपैकी खरे कारण कोणते, आणि आपल्या हातात त्यातले काय आहे? आलेल्या पत्रांतून सात प्रश्न निवडून त्यांची उत्तरे येथे देत आहे. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली आहेत.

उष्ण प्रदेशातील प्राणी उन्हाला सरावलेले असतात. विदर्भात पारा ४५ अंशांवर जातो आणि पाखरे तिथेही जगतात. मग सरासरी तापमान एखाद्या अंशाने वाढले, तर संकट थंड प्रदेशातील जिवांवर यायला हवे. आपल्याकडच्या जिवांना त्याचे एवढे काय?
— माध्यमिक शाळेतील शिक्षिका, संगमेश्वर

प्रथमदर्शनी कुणालाही असेच वाटेल. परंतु विदर्भातील पानगळीचे रान आणि घाटमाथ्यावरील सदाहरित रान यांची गोष्ट वेगळी आहे. विदर्भातील पाखरू हिवाळ्यातील पहाटेचा कडाका आणि मे महिन्यातील दुपार असे दोन्ही टोकांचे हवामान सोसते. सदाहरित रानाच्या दाट छपराखाली राहणाऱ्या बेडकाला किंवा पालीला मात्र वर्षाचे बारा महिने जवळपास सारखेच तापमान आणि सारखाच ओलावा मिळत आलेला आहे. डॅनियल जॅन्झन या अमेरिकी अभ्यासकाने १९६७ साली असा विचार मांडला की, उष्ण कटिबंधातील जिवांना ऋतूंचे मोठे चढउतार सोसावे लागत नसल्यामुळे त्यांची तापमान सहन करण्याची पट्टी अरुंद राहते. त्यामुळे तेवढ्याच उंचीची डोंगररांग थंड देशातील प्राण्यापेक्षा त्यांना ओलांडायला अधिक अवघड जाते. पुढील काळात त्यात अनेक अभ्यासांची भर पडली आणि हेही दिसून आले की, उष्ण कटिबंधातील कीटक आणि सरपटणारे प्राणी आधीच आपल्या सोसण्याच्या वरच्या मर्यादेजवळ जगत असतात. थंड प्रदेशातील किड्याला एक अंशाची वाढ कधी कधी मानवतेसुद्धा, पण आपल्याकडच्या किड्याला वर सरकायला जागाच उरलेली नसते.

शरीराच्या आतला हिशेबही समजून घ्यायला हवा. थंड रक्ताच्या प्राण्याचे तापमान भोवतालच्या हवेबरोबर वाढते आणि त्याबरोबर शरीराला लागणारी ऊर्जाही वाढते. ही वाढ सरळ रेषेत होत नाही, ती चढत जाणारी असते, म्हणून पाच अंशांवरून सहा अंशांवर जाताना जेवढा फरक पडतो त्याहून कितीतरी अधिक फरक सत्तावीसवरून अठ्ठावीसवर जाताना पडतो. अन्न तेवढेच आणि भूक मात्र वाढलेली, अशी त्या जिवाची ओढाताण होते. बेडकाच्या बाबतीत त्यात आणखी भर पडते, कारण तो कातडीवाटेही श्वास घेतो आणि त्यासाठी ती कातडी ओली राहावी लागते.

यातून सुटण्याचा सरळ मार्ग म्हणजे डोंगर चढणे. हजार मीटर चढल्यावर तापमान साधारण सहा अंशांनी उतरते, म्हणजे एका अंशाच्या गारव्यासाठी दीडशे-पावणेदोनशे मीटर वर सरकले की पुरते. अडचण माथा गाठल्यावर सुरू होते. पेरू देशातील पँटियाकोला या डोंगरावर १९८५ साली पक्ष्यांची उंचीनुसार मोजदाद झाली होती. २०१७ साली तीच वाट धरून पुन्हा मोजदाद केली गेली, तेव्हा पक्षी वर सरकलेले आढळले आणि पूर्वी केवळ माथ्यावर राहणाऱ्या काही जाती मुळीच दिसल्या नाहीत. दोन मोजदादींच्या दरम्यान तेथील तापमान अर्ध्या अंशाहूनही कमी वाढले होते आणि रानाला कुणी हात लावलेला नव्हता. आपल्या महाराष्ट्रात सर्वांत उंच असलेले कळसूबाईचे शिखर १६४६ मीटरचे आहे. त्यापुढे आकाश.

आता आपल्या प्रश्नातील "एखाद्या अंशा"कडे येतो. १९०१ ते २०१८ या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढले. दुसरीकडे, जगभरातील जंगलांच्या नोंदी एकत्र करून पाहिल्या असता, झाडांच्या छपराखालचे दिवसाचे कमाल तापमान शेजारच्या उघड्या जागेपेक्षा सरासरी चार अंशांनी कमी आढळते. म्हणजे एका उन्हाळ्यात रानाचे छप्पर काढून टाकले, तर खालच्या जिवाला शंभर वर्षांच्या हवामानबदलाच्या कितीतरी पट वाढ एकदम सोसावी लागते. आणि छप्पर राखले, तर पुढे येणाऱ्या वाढीशी झगडायला त्याच्यापाशी चार अंशांची शिल्लक असते. दोन कारणांपैकी खरे कोणते, या शंकेचे उत्तर मला या चार अंशांत दिसते. ही दोन संकटे एकमेकांशेजारी उभी नाहीत. उष्णतेपासून बचाव करण्याचे जे साधन त्या जिवापाशी असते, नेमके तेच माणूस काढून घेतो.

आमच्याकडचा सडा म्हणजे नुसता कातळ. सातबाऱ्यावरही तो पोटखराबा म्हणूनच लागलेला आहे. मी सुरुंग लावून खड्डे घेतले, बाहेरून माती आणली आणि हापूसची तीनशे कलमे लावली. उघड्या कातळावर झाडे आली, सावली आली. हे निसर्गाचे नुकसान कसे, ते समजावून सांगावे.
— आंबा बागायतदार, राजापूर तालुका

आपल्या पत्रातील तळमळ मला कळते. कोकणात सड्यावर बाग उभी करणे हे हाडाची काडे करण्याचे काम आहे आणि त्यावर घर चालते, हे मी विसरत नाही. तरीही आपण प्रश्न थेट विचारला आहे, म्हणून उत्तरही थेट देतो.

सडा मे महिन्यात पाहिला तर पोटखराबा हा शब्द पटतो. त्या जांभ्यावर दुपारी अनवाणी पाय ठेवता येत नाही. तोच सडा जूनच्या दुसऱ्या पावसानंतर पाहावा. कातळाच्या भेगांतून पांढरी दीपकाडी डोके वर काढते. बोटभर खोलीच्या मातीत ऑगस्टमध्ये गेंदाची पांढरी बटणे आणि सीतेच्या आसवांचा जांभळा गालिचा उगवतो. सीतेची आसवे आणि दवबिंदू या वनस्पती किडे पकडून खातात, कारण या मातीत त्यांना पोषण मिळत नाही. पोषण नसल्यामुळेच तेथे मोठी झाडे वाढत नाहीत, आणि मोठी झाडे नसल्यामुळेच या चिमुकल्या वनस्पतींना जगायला जागा मिळते. यातील कित्येक वनस्पती जगात सह्याद्री-कोकणाबाहेर कुठेही उगवत नाहीत. म्हणजे सावली ही सदाहरित रानाची दौलत आहे, तशी उघडेपण ही सड्याची दौलत आहे. वरच्या उत्तरात मी सावलीची बाजू मांडली, ती इथे तशीच लागू करता येणार नाही.

मग सड्यावरच्या प्राण्यांना उन्हापासून निवारा कुठे मिळतो? तो दगडाखाली मिळतो. सड्यावर मोकळे पडलेले थाळीएवढे दगड आपण बाग लावताना गोळा करून गडगा, म्हणजे दगडी कुंपण, घालता. त्यांतला एक दगड हलक्या हाताने उचलून पाहा आणि पाहून झाल्यावर तसाच परत ठेवा. वरची बाजू तापून निघालेली असते आणि खालची माती मात्र गार, काहीशी दमट लागते. तिथे विंचू असतो, गोम असते आणि नशीब असेल तर अंगावर आडवे पांढरे पट्टे असलेली बोटाएवढी पाल दिसते. ही पाल मुख्यतः रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या सड्यांवरच सापडते आणि ती भिंतीवर चढत नाही, दगडाखालीच आयुष्य काढते. ओल धरणाऱ्या जागी देवगांडूळही मिळते. दिसायला गांडुळासारखे असले तरी ते बेडकाच्या गणगोतातले आहे. हे सगळे जीव सूर्याशी झुंजतात ते त्या एका दगडाच्या जोरावर.

दुसरी गोष्ट पाण्याच्या डबक्यांची. आंबोलीच्या कातळावर दिसणाऱ्या 'आंबोली टोड' या भेकाची शास्त्राला ओळख २००९ साली झाली. तो जगात जवळपास त्याच परिसरात आढळतो आणि त्याची नोंद अतिसंकटग्रस्त जातींमध्ये आहे. तो आपली अंडी कातळावरील उथळ डबक्यात घालतो. मी एका जुलैमध्ये असे एक डबके पाहिले आहे, जेवणाच्या ताटाहून थोडे मोठे, त्यात तळहात उपडा ठेवला तर मनगट कोरडे राहील एवढेच पाणी आणि त्यात मोहरीसारखी काळी अंडी. या अंड्यांतून भेकाची पिले तयार होईपर्यंत पावसाने काही आठवडे दगा देता कामा नये. पूर्वी रिमझिम सुरू असायची, त्यामुळे डबके आटत नसे. आता पाऊस कोसळतो तेव्हा धो धो कोसळतो आणि मध्ये मोठी उघडीप देतो. महाराष्ट्रासह मध्य भारताच्या पट्ट्यात १९५० ते २०१५ या काळात विस्तृत प्रदेशावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या, आणि त्याच सुमारास पश्चिम घाटात मोसमी पावसाची एकूण बेरीज घटल्याचेही आढळले. अतिवृष्टीत अंडी वाहून जातात, उघडिपीत पिले सुकतात. अशा काळात सड्यावर शंभर डबकी असतील तर दहांत तरी पिले तगतील. सड्याचा नव्वद टक्के भाग सपाट करून डबकी दहावर आणली, तर एकही न तगण्याची पाळी एखाद्या वर्षी येणारच.

आपली कलमे उपटून टाका, असे मी म्हणणार नाही. नव्याने विस्तार करताना मात्र सड्याचा सलग तुकडा उघडा सोडावा, विशेषतः जिथे पावसात पाणी साचते आणि जिथे कडेला झरा फुटतो तो भाग. जांभा सच्छिद्र असतो, सड्यावर पडलेले पाणी पाझरून कडेच्या झऱ्यांना आणि विहिरींना मिळते, म्हणजे हा तुकडा आपल्या बागेच्याही उपयोगाचा आहे. मोकळे दगड सगळेच गडग्यात घालू नयेत. आणि शासनदरबारी एक मागणी आपण बागायतदारांनीच करावी : सड्याला पोटखराबा म्हणणारी नोंद बदलावी. कागदावर ओसाड ठरलेली जमीन राखायला कुणीच पुढे येत नाही.

मार्च २०२३ मध्ये आमच्या म्हादई अभयारण्यात कित्येक दिवस वणवा धुमसत होता. विझवण्यासाठी नौदलाची हेलिकॉप्टरे आणावी लागली. एवढा पाऊस पडणारे आमचे रान जळतेच कसे? आणि ते पुन्हा पूर्ववत होईल काय?
— सत्तरी तालुक्यातील वाचक, वाळपई (गोवा)

वणव्याला ठिणगी लागते आणि ठिणगी पडल्यावर पेटायला सुका पालापाचोळा लागतो. मार्च महिन्यात आपल्या रानात आपणहून पेट घेणारे फारसे काही नसते, त्यामुळे ठिणगी बहुतेक वेळा माणसाचीच असते. कुणी काजूची बाग साफ करताना पाचोळा पेटवतो, कुणी पुढच्या पावसात गवत चांगले यावे म्हणून डोंगराला आग लावतो, कुणी विडी टाकतो. या सवयी जुन्या आहेत. पूर्वीही ठिणग्या पडत होत्याच. त्या दाट रानाच्या कडेपर्यंत येऊन विझत, कारण आतला पाचोळा ओला असे.

हा ओलावा कसा नाहीसा होतो, याचे सविस्तर निरीक्षण ॲमेझॉनच्या खोऱ्यात झाले आहे. रानातली निवडक मोठी झाडे तोडली, रस्ता काढला, कडेने शेती आत सरकली, की छपराला भोके पडतात आणि ऊन व वारा जमिनीपर्यंत पोहोचतो. ब्राझीलमधील मानाउस शहराजवळ १९७९ पासून चाललेल्या एका दीर्घ प्रयोगात रानाचे एक, दहा आणि शंभर हेक्टरचे तुकडे राखून त्यांच्यावर नजर ठेवली गेली. कडेपासून शंभर मीटर आणि काही बाबतींत त्याहूनही आतपर्यंत झाडे मरताना दिसली, आणि शंभर हेक्टरच्या तुकड्यानेसुद्धा आपल्या झुडपांच्या थरात राहणाऱ्या पक्ष्यांच्या निम्म्या जाती पंधरा वर्षांच्या आत गमावल्या. अशा जखमी रानावर दुष्काळ आला की काय होते, हे २०१५-१६ च्या एल निनोने तापाजोस नदीच्या खालच्या खोऱ्यात दाखवून दिले. दुष्काळ आणि त्यापाठोपाठ लागलेले वणवे यांत तेथे सुमारे अडीचशे कोटी झाडे व वेली मेल्याचा अंदाज आहे. तो भाग ब्राझीलच्या ॲमेझॉनच्या जेमतेम सव्वा टक्का भरतो. तिथली झाडे वणव्याच्या सवयीची नाहीत, त्यांची साल पातळ असते, म्हणून गुडघ्याएवढ्या, सावकाश सरकणाऱ्या ज्वाळेनेही ती आतून भाजून निघतात आणि पुढची दोन-तीन वर्षे मरत राहतात. त्या काळात तेथील शेणकिड्यांची संख्याही झपाट्याने घसरली. ही हानी किरकोळ वाटेल, परंतु प्राण्यांच्या विष्ठेतून पडलेल्या बिया हेच किडे जमिनीत पुरतात, आणि तेच नाहीसे झाले की जळलेल्या रानाला नव्याने उगवायला मदतनीस राहत नाहीत.

आता आपल्या दुसऱ्या प्रश्नाविषयी. पानगळीच्या रानातील ऐन, किंजळ, साग ही जाड सालीची झाडे एखाददुसऱ्या वणव्यातून सावरतात. सदाहरित पट्टा मात्र सहज सावरत नाही. एकदा जळलेली जागा मोकळी, म्हणून अधिक कोरडी, म्हणून पुन्हा जळण्याजोगी होते. त्या मोकळ्या जागेत पहिल्या पावसात रानमोडी माजते. आपल्या वाडवडिलांनी या झुडपाला फार अचूक नाव दिले आहे. ती पावसाळ्यात पुरुषभर वाढते, उन्हाळ्यात वाळून कोळ होते आणि पुढच्या ठिणगीला आयते सरण मिळते. म्हणून जळलेल्या भागात पहिली तीन-चार वर्षे दुसरा वणवा शिरू न देणे हेच सर्वांत मोलाचे काम आहे. जानेवारीतच कडेने जाळरेषा, म्हणजे वणवा अडवणारा मोकळा पट्टा, काढणे, पाचोळा पेटवायचाच असेल तर तो वाऱ्याचा अंदाज घेऊन, पहाटेच्या दवात आणि चार माणसे हाताशी ठेवून पेटवणे, आणि वणव्याची पहिली वर्दी देणाऱ्या गावकऱ्याला चौकशीच्या फेऱ्यात न अडकवणे, एवढे साधले तरी रान स्वतःहून बरेच भरून निघते. तिथे रोपे लावण्याची घाई करू नये.

रस्ता रुंद करताना आमच्या गावचे दोन जुने बेहडे आणि एक आंबा तोडला. बदल्यात पाचपट रोपे लावली जातील असे सांगण्यात आले. ही भरपाई पुरेशी मानावी काय?
— महाविद्यालयीन विद्यार्थी, चिपळूण

पुरेशी मानू नये. त्याचे कारण धनेश पक्ष्याच्या घरट्यात आहे.

धनेशाची मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि ढोलीचे तोंड विष्ठा, फळांचा गर आणि माती यांनी आतून लिंपून घेते. एक उभी फट तेवढी राहते. त्या फटीतून नर तिला आणि पुढे पिलांना तीन-चार महिने वड, उंबर आणि रानातली इतर फळे भरवत राहतो. एवढी प्रशस्त ढोली पडायला झाडाचे वय मोठे असावे लागते. कोकणात असे झाड म्हणजे बहुधा देवराईतला किंवा गावकुसाजवळचा जुना बेहडा किंवा आंबा. धनेशाची जोडी वर्षानुवर्षे त्याच ढोलीत परत येते. आपल्या गावची ती तीन झाडे फेब्रुवारीच्या आधी तुटली असतील, तर एखादी जोडी तिथे येऊन घिरट्या घालून परत गेली असण्याची शक्यता नाकारता येत नाही. आज लावलेल्या रोपात तशी ढोली पडायला तीन-चार पिढ्या जातील, तेही ते रोप बेहड्याचे असेल तर. प्रत्यक्षात लागतात ते गिरिपुष्प आणि आकेशिया.

या प्रश्नाला हवामानाचीही बाजू आहे. दक्षिण आफ्रिकेतील कालाहारीच्या कोरड्या प्रदेशात राहणाऱ्या पिवळ्या चोचीच्या धनेशाचा दहा वर्षांहून अधिक काळ अभ्यास झाला. तेथे यशस्वी ठरलेल्या विणीचे प्रमाण ५८ टक्क्यांवरून १७ टक्क्यांवर घसरले आणि सुमारे छत्तीस अंशांपलीकडच्या सरासरी कमाल तापमानात एकही वीण तडीस गेली नाही. कारण साधे होते : तापलेल्या दुपारी नर भक्ष्य शोधण्याऐवजी धापा टाकत सावलीत बसून राहतो, त्यामुळे ढोलीतल्या मादीला आणि पिलांना पुरेसे अन्न पोहोचत नाही. कोकणातले धनेश वेगळे आणि त्यांचे रान ओले आहे, त्यामुळे ते आकडे इथे जसेच्या तसे लागू करणे चुकीचे होईल. तरीही आपल्याकडील धनेशांची वीणही भर उन्हाळ्यातच असते, आणि फळझाडे विरळ झाल्यावर त्या नराला एका घासासाठी उन्हातून अधिक लांब उडावे लागते, हे तर उघड आहे.

माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात महाराष्ट्रातील देवरायांचा अभ्यास करून त्यांचे मोल शास्त्रीय भाषेत मांडले. गावाने देवाच्या भीतीने किंवा भक्तीने राखलेली ती दोन-चार एकरांची राने आज कोकणातील जुन्या झाडांची अखेरची आश्रयस्थाने आहेत. आपल्या महाविद्यालयाने करण्यासारखे एक काम सुचवतो : तालुक्यातील ढोली असलेल्या जुन्या झाडांची यादी करावी, झाड, घेर, जागा, मालकी एवढ्या चार रकान्यांची, आणि ती ग्रामपंचायतीच्या जैवविविधता नोंदवहीत लावून घ्यावी. रस्त्याची आखणी व्हायच्या आधी ती यादी कागदावर असेल तर वळण घेता येते, कुऱ्हाड पडल्यावर काही करता येत नाही.

आम्ही दर वर्षी मे अखेरीस मित्रमंडळींसह भंडारदऱ्याला काजवे पाहायला जातो. यंदा ते फारच कमी दिसले. आमच्या जाण्याने त्यांना त्रास होतो का?
— ठाण्यातील वाचक

होतो, आणि आपण हे विचारले याचे मला बरे वाटले. काजव्याचे लखलखणे हे जोडीदाराला दिलेले बोलावणे असते. गाडीच्या दिव्याचा झोत आणि मोबाइलची विजेरी त्या बोलावण्यावर पाणी फिरवतात. त्याहून मोठे नुकसान पायांखाली होते. काजव्याची अळी ओल्या पाचोळ्यात गोगलगायी खाऊन वाढते, आणि शेकडो माणसे एकाच झाडाभोवती फिरली की तो पाचोळा तुडवून घट्ट होतो. वळवाच्या सरी वेळेवर आल्या नाहीत तर काजवे एरवीही कमी दिसतात, म्हणून एका वर्षावरून निष्कर्ष काढू नये. जायचेच असेल तर गाडी गावात ठेवावी, गावातलाच वाटाड्या घ्यावा, दिवा न लावता वाटेवरूनच पाहावे आणि वाट सोडून झाडाखाली जाऊ नये.

पृथ्वी तापते आहे ती बड्या देशांच्या धुरामुळे. आपण इथे एखादे रान राखले तरी ते तापायचे थांबणार नाही. मग या स्थानिक संवर्धनाला अर्थ तो काय?
— निवृत्त अभियंता, कोल्हापूर

आपल्या शंकेला पुष्टी देणारा पुरावा आधी सांगतो, कारण तो लपवणे बरोबर नाही. मध्य पनामातील एका संरक्षित राष्ट्रीय उद्यानात १९७७ ते २०२० या काळात जाळी लावून पक्ष्यांची मोजदाद झाली. ज्या ५७ जातींविषयी पुरेशी माहिती मिळाली, त्यांपैकी ४० जाती घटल्या होत्या आणि त्यांतल्या ३५ निम्म्याहून अधिक घटल्या होत्या. ॲमेझॉनच्या अस्पर्शित रानातील पक्ष्यांचे वजन चार दशकांत घटत गेल्याचेही दिसून आले आहे. कोस्टा रिकातील मॉन्टेव्हर्डेच्या राखीव मेघवनात सोनेरी भेक नावाचा प्राणी होता. १९८७ साली दीड हजारांच्या आसपास भेक झाडांच्या मुळांशी साचलेल्या डबक्यांवर विणीसाठी जमले. त्या वर्षी डबकी आटली. १९८९ साली एकच नर दिसला, आणि त्यानंतर आजतागायत एकही नाही. कोरडे हवामान आणि उभयचरांना ग्रासणारी कायट्रिड नावाची बुरशी यांपैकी कशाचा वाटा किती, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत, पण कुऱ्हाड तिथे पोहोचली नव्हती एवढे निश्चित. जगातील उभयचरांच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आढाव्यानुसार त्यांच्या सुमारे ४१ टक्के जाती संकटात आहेत आणि २००४ नंतर ज्यांची स्थिती बिघडली त्यांपैकी ३९ टक्के जातींच्या बाबतीत मुख्य कारण हवामानबदल हे आहे. तेव्हा धूर कमी झाल्यावाचून गत्यंतर नाही, हे आपले म्हणणे मी मान्य करतो.

परंतु आपण अभियंता आहात. पुलावर भार वाढणार हे ठाऊक असताना त्याचे खांब कुणी पोखरू देत नाही. धूर कमी व्हायला जो काळ लागेल, तेवढा काळ या जिवांनी तग धरावा असे वाटत असेल, तर त्यांना खालून वर सरकायला सलग वाट मिळायला हवी. आपल्याच भागाचे उदाहरण घेऊ. कोयना आणि चांदोली मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला आणि दक्षिणेला राधानगरीचे अभयारण्य आहे. कास पठारासह हे तिन्ही २०१२ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत. पण ही राने मुख्यतः घाटमाथ्यावर आणि उत्तर-दक्षिण अशी पसरलेली आहेत. कोकणातल्या पायथ्यापासून घाटमाथ्यापर्यंत पूर्व-पश्चिम चढत जाणारे सलग रान फार थोड्या ठिकाणी उरले आहे. पायथ्याला रबर, काजू, खाणी आणि वाढती गावे, मध्ये घाटरस्ता, आणि मग वर अभयारण्य. उष्णता वाढल्यावर पायथ्याचा बेडूक ज्या वाटेने वर जाणार, ती वाट अशी ठिकठिकाणी तुटलेली आहे. वहाळांच्या, म्हणजे ओढ्यांच्या, दोन्ही अंगांना पन्नास-शंभर पावलांचे रान राखले तरी ती सांधता येते, कारण वहाळ पायथ्यापासून माथ्यापर्यंत अखंड असतो आणि त्याच्या काठी ओलही टिकते. ही जमीन बरीचशी खासगी मालकीची आहे, म्हणून हे काम वनखात्याच्या एकट्याच्या हातचे नाही.

पश्चिम घाटाच्या संरक्षणाविषयी गाडगीळ समितीने २०११ मध्ये आणि कस्तुरीरंगन समितीने २०१३ मध्ये अहवाल दिले. त्यानंतर संवेदनशील क्षेत्राच्या मसुदा अधिसूचना एकामागून एक निघत राहिल्या. वायनाडमध्ये दरड कोसळून शेकडो माणसे गेली, त्याच्या दुसऱ्याच दिवशी, ३१ जुलै २०२४ रोजी, सहावा मसुदा निघाला. पहिल्या मसुद्यापासून त्या दिवसापर्यंत दहा वर्षे गेली होती. या दहा वर्षांचा मला मनापासून राग येतो. दिल्लीच्या कागदाची वाट पाहत बसण्यापेक्षा ग्रामसभेने आपल्या हद्दीतील वहाळकाठ आणि देवराई यांविषयी ठराव करणे अधिक लवकर होण्यासारखे आहे, आणि ठराव करण्याचा अधिकार ग्रामसभेला आहेच.

आमच्या दारातला बहावा यंदा फेब्रुवारीअखेरीसच फुलला. हा हवामानबदल समजावा का?
— गृहिणी, नाशिक

एका झाडाच्या एका वर्षावरून तसे म्हणता येणार नाही. झाडाला पाणी कमी-अधिक मिळाले, शेजारी भिंत उभी राहून तिची धग लागली, तरी बहर मागेपुढे होतो. मात्र आपण तारीख ध्यानात ठेवलीत, हे फार चांगले केले. एका वहीत पहिली कळी, पहिले फूल, बहर ओसरल्याचा दिवस आणि पहिली शेंग यांच्या तारखा दर वर्षी लिहून ठेवाव्यात. 'सीझनवॉच' या नावाने भारतभर चालणाऱ्या उपक्रमात शाळकरी मुले आणि नागरिक अशाच नोंदी दर आठवड्याला करतात आणि बहावा त्यांच्या यादीत आहे. आपल्या सासूबाईंना किंवा गल्लीतल्या जुन्या मंडळींना तो पूर्वी कधी फुलायचा, कोणत्या सणाच्या सुमारास, हेही विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहावे.